ग्रँड कॅनियन एका दिवसात उरकू नका

अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे आई-बाबा पहिल्यांदा निघाले, की विमानाच्या तिकिटांपाठोपाठ घरात एक यादी तयार होते. त्या यादीत पश्चिमेकडच्या आठवड्यात एक ओळ हमखास असते : 'लास व्हेगासहून ग्रँड कॅनियन, रात्री परत.' आजचं सदर या एका ओळीविरुद्ध आहे. ती ओळ खोडा.

हिशेब साधा आहे. लास व्हेगासहून राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण काठ, म्हणजे साउथ रिम, जवळपास ४५० किलोमीटर. गाडी न थांबवता चालवली तरी साडेचार तास जायला आणि साडेचार तास यायला. बस असेल तर वाटेतला हूवर डॅम, चहा, जेवण, स्वच्छतागृहं धरून आणखी जास्त. पहाटे निघालेला माणूस दुपारी ऐन उन्हात पोहोचतो. तीन तासांत त्याला खायचं असतं, रांगेत उभं राहायचं असतं, दुकानातून चुंबक घ्यायचं असतं. मग शिट्टी वाजते आणि बस निघते. सत्तरीच्या माणसाला दिवसभर गाडीत बसवून ही जगप्रसिद्ध दरी तासाभरापुरती दाखवायची, याला सहल म्हणायला मी तयार नाही.

आणि तो तासही चुकीचा. दुपारी बाराला ही दरी सपाट दिसते. सूर्य डोक्यावर असतो, सावल्या आटलेल्या असतात आणि सावलीशिवाय खोली कळत नाही. समोर ४४६ किलोमीटर लांबीची, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंदीची, दीड किलोमीटरहून जास्त खोल जागा असते, पण डोळ्यांना फिकट गुलाबी पडदा टांगल्यासारखा भास होतो. अनेक जण 'फोटोत जास्त चांगलं दिसतं' असं म्हणून परततात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना नेणाऱ्याने वेळ चुकीची निवडली. हीच जागा संध्याकाळी पाचनंतर बघा. पश्चिमेचं ऊन तिरपं झालं की एकेक सुळका मागच्या भिंतीपासून सुटा होतो, आतल्या दऱ्यांमधल्या दऱ्या उघडतात, तांबडा दगड तांबडा दिसू लागतो. पहाटे हेच उलट्या बाजूने घडतं. हे दोन्ही पाहायचं तर तिथे रात्र काढावी लागते, त्याला दुसरा उपाय नाही. रात्र फुकट जात नाही, उलट २०१९ पासून हे उद्यान आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता पावलेलं आहे. ज्यांनी पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं आकाशगंगा पाहिलेली नाही, त्या आई-बाबांना ती दाखवायला याहून चांगली जागा कुठली?

आता काठाचा प्रश्न. 'ग्रँड कॅनियन' असं म्हणून तुम्हाला कुठे नेलं जातंय ते पैसे भरण्याआधी विचारा. एका दिवसात, लवकर परत, असं कोणी सांगत असेल तर ते बहुतेक वेळा 'वेस्ट' असतं. व्हेगासपासून दोन-अडीच तासांवरची ही जागा राष्ट्रीय उद्यानात नाही. ती हुआलापाई जमातीच्या मालकीच्या भूमीवर आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा काचेचा पूल, स्कायवॉक, तिथलाच, २००७ साली उघडलेला. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही. त्या भूमीवरून मिळणारा पैसा त्या भूमीच्या लोकांकडे जातो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथला प्रवेश वेगळा, दर वेगळे, उद्यानाचा पास तिथे चालत नाही, आणि पुस्तकांत, माहितीपटांत जी दरी तुम्ही पाहिली आहे ती मुख्यतः तिथली नाही. एकाच्या नावाखाली दुसरं विकणारे आपल्याकडेही आहेत आणि तिकडेही. विचारलेला एक प्रश्न पुरतो : 'कोणता रिम?'

अँटिलोप कॅनियन ही तिसरीच गोष्ट. लाटांसारख्या नारिंगी भिंतींचे, वरून उन्हाचा खांब पडलेले ते फोटो पेज गावाजवळच्या एका अरुंद घळीचे आहेत. ती नावाहो लोकांची भूमी आहे आणि वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. हा नियम अडवणुकीसाठी नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी त्या परिसरातल्या घळीत घुसलं आणि ११ पर्यटकांचा जीव गेला. वर आकाश निरभ्र असतानाही असा लोंढा येऊ शकतो. दक्षिण काठापासून पेजला गाडीने अडीच तास लागतात. सवड असेल तर तिथे एक स्वतंत्र दिवस द्या, 'जाता जाता' म्हणून तिथे जाणं होत नाही.

उत्तर काठाबद्दल थोडक्यात. तो दक्षिण काठापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच, थंड, शांत. पक्ष्याला समोरचा काठ साधारण १६ किलोमीटर, गाडीला सुमारे ३५०. हिवाळ्यात बर्फामुळे तो बंदच असतो. २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो वणव्याने तिथलं ऐतिहासिक ग्रँड कॅनियन लॉज जाळून टाकलं. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः वयस्कर माणसांबरोबर जाणाऱ्याने, सध्या दक्षिण काठच धरावा.

पैशांचं आधी सांगते, कारण इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे आणि घरोघरी जुनेच आकडे फिरत आहेत. एका गाडीला ३५ डॉलर, त्यात सात दिवस, हे बरेच जणांना पाठ आहे. पण १ जानेवारी २०२६ पासून, अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला ग्रँड कॅनियनसह ११ गाजलेल्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. म्हणजे भारतातून आलेले आई आणि बाबा मिळून २००, वर गाडीचे ३५. परदेशी पाहुण्यांसाठी वर्षभराचा पास २५० डॉलरचा आहे. त्याच फेरीत झायन किंवा ब्राइस कॅनियनही करणार असाल, तर पासच परवडतो, कारण तीही त्या अकरांत आहेत. एकट्या ग्रँड कॅनियनसाठीदेखील फरक फक्त १५ डॉलरचा. परदेशी माणसाकडून जास्त घेणं योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, आणि ताजमहालाच्या दारात आपणही वेगळी रांग लावतो हे विसरता येणार नाही. पण प्रवेशद्वारापाशी गाडीत बसून तो वाद घालू नका, घरी बसून हिशेब करा. प्रवेशद्वारावर रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या संकेतस्थळावर दर पुन्हा एकदा तपासा.

आणि १०० डॉलर माणशी भरून दरीपाशी तास काढणार असाल, तर ते पैसेही वाया आणि दिवसही.

कपड्यांची बॅग. 'वाळवंटात चाललोय' म्हणून लोक सुती कपडे आणि टोप्या भरतात. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे जिथे तुम्ही गाडी उभी करता ती जागाच महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकापेक्षा साडेचारशे मीटर वर आहे. तिथे वाळूचे ढिगारे नाहीत. पाँडेरोसा पाइन, पिन्यन आणि जुनिपरचं रान आहे, रस्त्यात एल्क उभे असतात, हिवाळ्यात हातभर बर्फ पडतं. मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो. वाळवंट आहे ते खाली, कोलोरॅडो नदीपाशी. उतरताना दर ३०० मीटरला तापमान साधारण तीन अंशांनी वाढतं. काठावर वाऱ्याने शाल ओढून घ्यावी आणि त्याच वेळी तळाशी पारा तिशीपार असावा, ही इथली नेहमीची गोष्ट आहे. उंचीमुळे पहिल्या दिवशी धाप लागते, झोप नीट लागत नाही. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि पहिला दिवस सावकाश काढावा. हेही एका दिवसाच्या फेरीत जमत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मला आपल्या ट्रेकर मंडळींशी भांडायचं आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या पायांत एक क्रम मुरलेला असतो : आधी चढ, मग उतार. राजगड असो, हरिश्चंद्रगड असो, सकाळी ताज्या दमाने वर जायचं, दमलं की अर्ध्यातून फिरायचं, उतार आपोआप घरी आणतो. ग्रँड कॅनियनमध्ये हा क्रम उलटा आहे. सकाळच्या थंडीत, ताज्या पायांनी, हसत-खेळत उतरता. परतायचं ठरवता तेव्हा दुपार झालेली असते, पाणी संपत आलेलं असतं, आणि सगळा चढ समोर असतो. दमल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सांदण दरी उतरलेल्यांना याची थोडी कल्पना असेल, पण सांदणमध्ये सावली असते. इथे नसते.

ब्राइट एंजल पायवाटेने नदीपर्यंत सुमारे १३ किलोमीटर, आणि परतताना १,३०० मीटरहून जास्त चढ. साउथ कायबॅब वाट त्याहून आखूड पण तिच्यावर पाण्याचा थेंब मिळत नाही. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं उद्यानाचे रेंजर ठिकठिकाणी पाट्या लावून सांगतात. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीत चालू नका, असंही सांगतात. या पाट्या घाबरटांसाठी नाहीत. तिथे कोसळणाऱ्यांत धडधाकट, तरुण, मॅरेथॉन धावणारेही असतात, किंबहुना तेच जास्त खोल उतरतात. 'आम्ही कळसूबाई तीन तासांत केलंय' हे वाक्य या दरीत कामाचं नाही.

मग खाली जायचंच नाही का? जायचं. अवश्य जायचं, कारण काठावरून दरी हे चित्र असतं आणि आत पाऊल टाकलं की ती जागा होते. ब्राइट एंजलवर पहिलं विश्रांतिगृह अडीच किलोमीटरवर आहे, उतार सुमारे ३४० मीटर. पहाटे निघा, तिथपर्यंत जा, परत या. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. गुडघे कुरकुरत असतील तर पहिल्या बोगद्यापर्यंत जा. शंभर पावलं उतरलात तरी वरच्या गर्दीचा आवाज थांबतो आणि भिंतींचे थर हाताला लागतात. चालणाऱ्याने खेचरांना वाट द्यायची : कड्याच्या उलट्या, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल तसं करायचं.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी माणूस कोसळतो. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, त्यामुळे आपण घामाघूम झालोय हे कळतच नाही. शरीरातलं मीठ गेलेलं असतं, वरून साधं पाणी लिटरनं पोटात जातं, रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळ, गोंधळ, चक्कर, पुढे झटके. म्हणून रेंजर खारट खायला सांगतात. इथे मराठी घराकडे सगळं तयार आहे : खारे शेंगदाणे, चिवडा, भाकरवडी, पोळीच्या गुंडाळीत लोणच्याची फोड, साखर-मीठ-लिंबाचं पाणी. मात्र त्यातला एक दाणाही खारीला घालू नका. इथल्या खारी धीट आहेत, चावतात, आणि खारीच्या चाव्यावर उपचार घेणारे पर्यटक या उद्यानात नेहमीचेच आहेत. लहान मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

काठावर नळाला येणारं पाणीही गृहीत धरू नका. ते उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांतून येतं, दरीच्या पोटातून, वीस किलोमीटर लांबीच्या नळातून. हा नळ १९६० च्या दशकातला. २०१० पासून तो ८५ हून जास्त वेळा फुटला आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर एकाच वेळी अनेक ठिकाणी फुटला आणि दक्षिण काठावरची मुक्कामाची सोय, लेबर डेच्या जोड-सुट्टीत, बंद करावी लागली. नवा नळ घालण्याचं २०.८ कोटी डॉलरचं काम चालू आहे. त्यामुळे काही पायवाटा, काही पाण्याच्या जागा मधूनमधून बंद असतात. रोज सकाळी सूचना वाचा. लाखो माणसं दरवर्षी जिथे आंघोळ करतात, ती जागा एका जुन्या नळावर उभी आहे, हे लक्षात ठेवून पाणी वापरा.

ज्यांना उतरणं शक्यच नाही, त्यांना गाडीत बसवून ठेवू नका. माझ्या मते वयस्कर मराठी पाहुण्यासाठी दक्षिण काठावरची सर्वोत्तम गोष्ट म्हणजे 'ट्रेल ऑफ टाइम'. यावापाई भूगर्भ संग्रहालयापासून काठावरच्या गावाकडे जाणारी, फरसबंद, जवळजवळ सपाट वाट, सुमारे दोन किलोमीटर. तिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. वाटेवर धातूच्या खुणा आहेत आणि त्या त्या काळाचा दरीतला दगड आणून ठेवलाय, हात लावून पाहायला. आधुनिक मानवाचा सगळा इतिहास या मापाने फूटभरात संपतो. ६६ व्या मीटरवर थांबा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, ज्याच्यावर रायगड उभा आहे आणि ज्याच्यात वेरूळ कोरलंय, तो दख्खनच्या लाव्हारसातून तेव्हा घडला. २७० व्या मीटरच्या आसपास तुमच्या पायाखालच्याच काठाचा, कायबॅब चुनखडीचा, जन्म. दरी कोरली गेली ती मात्र अगदी पहिल्या पाच-सहा पावलांत, म्हणजे गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. दगड पुराणा, दरी पोरसवदा. आणि १,७०० मीटर ओलांडल्यावर तळाचा काळपट, चमकदार खडक येतो, त्याचं नाव विष्णू शिस्ट.

होय, विष्णू. समोर दिसणाऱ्या सुळक्यांत विष्णू टेंपल आहे, शिवा टेंपल आहे, ब्रह्मा टेंपल आहे, बुद्ध आणि झोरोऑस्टरही आहेत. ही नावं क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास सुरू केलेल्या प्रथेतून आली. त्याला त्या शिळांत पूर्वेकडच्या देवळांचे आकार दिसले. आपल्याला आनंद होतो, व्हावा. पण त्या आनंदात, इथे कधीकाळी आपलेच लोक येऊन गेले, असला निरोप पुढे ढकलू नका. इथे कोण राहत होतं हे पक्कं माहीत आहे, आणि ते अजून आहेत.

हवासुपाई लोक शेकडो वर्षं या दरीत आणि वरच्या पठारावर राहिले. उन्हाळ्यात खाली शेती, हिवाळ्यात वर शिकार. १८८२ मध्ये सरकारने त्यांना ५१८ एकरांत कोंबलं. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि ब्राइट एंजल वाटेवरच्या ज्या झऱ्यापाशी त्यांची शेतं होती तिथून त्यांना पुढच्या दहा वर्षांत हुसकावलं गेलं. पर्यटक त्या जागेला 'इंडियन गार्डन' म्हणत आले. त्या जागेला 'हवासुपाई गार्डन्स' हे नाव मिळायला २०२२ उजाडावं लागलं. १९७५ च्या कायद्याने सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली, तीही कित्येक दशकं झगडल्यावर. त्यांच्या सुपाई गावाला आजही गाडीरस्ता नाही, टपाल खेचरांवरून जातं. दक्षिण काठापासून जवळच, १६ किलोमीटरच्या आत, पिन्यन प्लेन ही युरेनियमची खाण चालू आहे. आपल्या झऱ्यांचं पाणी नासेल म्हणून हवासुपाई तिच्याविरुद्ध उभे आहेत. धरण, खाण आणि अभयारण्य या तिन्हींसाठी लोकांना उठवलेलं महाराष्ट्राने पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून मराठी माणसाने तरी ही दरी 'निर्मनुष्य निसर्ग' म्हणून पाहू नये.

पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यूला चाळीसेक किलोमीटर जावं, ते याही कारणासाठी. मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी १९३२ मध्ये बांधलेला दगडी मनोरा तिथे आहे. आतली भित्तिचित्रं होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांची. स्थानिक जमातींचे कलाकार तिथे आपलं काम करून दाखवतात. काही घ्यायचं असेल तर त्यांच्या हातचं घ्या. आणि खाली कोलोरॅडो नदी नीट दिसते, जी गावाजवळच्या बऱ्याच ठिकाणांहून लपलेली असते.

गाडीचं एक. हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, उद्यानाच्या मोफत बसने जायचं. सूर्यास्तासाठी होपी पॉइंट त्याच रस्त्यावर आहे, शेवटची बस किती वाजता ते आधी पाहून ठेवा. पण ज्यांना बसमध्ये चढ-उतर करणं खरंच अवघड आहे त्यांच्यासाठी परवाना मिळतो, आणि तो घेतला की खासगी गाडी आत नेता येते. प्रवेशद्वारावर किंवा माहिती केंद्रात मागा. अनेक मुलं संकोचाने मागत नाहीत आणि आईला बाकावर बसवून स्वतः जाऊन येतात. मागा. तो परवाना तिच्यासाठीच आहे.

घड्याळाचंही पाहा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण राज्यातल्याच नावाहो भूमीत करतात. हिवाळ्यात व्हेगास ॲरिझोनाच्या एक तास मागे असतं, उन्हाळ्यात दोघांची वेळ एक. फोनवर विसंबू नका, जिथे वेळ घेतली आहे त्यांना विचारा.

काठ. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. दरवर्षी इथे माणसं पडतात. फोटोसाठी कठड्यापलीकडच्या खडकावर उभं राहणाऱ्या आपल्या भावंडाला, मित्राला, नवऱ्याला परत बोलवा, मोठ्याने बोलवा, लाजू नका. लहान मुलाचा हात धरलेला असू द्या आणि मागे सरकत फोटो काढू नका.

उन्हाळ्याची सुट्टी हाच काळ धरून चालू नका. आई-बाबांचा सहा महिन्यांचा मुक्काम असतो, मग जूनमध्येच का? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पावसाळा असतो, त्याला ते मान्सूनच म्हणतात, दुपारी विजा कोसळतात आणि उघडा काठ ही तेव्हा उभं राहायची जागा नव्हे. मुलांच्या शाळा आड येत असतील तर एक शुक्रवार बुडवा. आजी-आजोबांबरोबर पाहिलेल्या दरीपुढे एक शुक्रवार काहीच नाही.

तारखा ठरवताना आधी काठावरची खोली शोधा, मग बाकीची बुकिंग करा. उद्यानातल्या खोल्या वर्षभर आधी खुल्या होतात आणि भरतात, पण रद्द झालेल्या मधूनमधून सुटतात, रोज पाहत राहा. नाहीच मिळाली तर दाराशीच असलेल्या तुसायनमध्ये राहा, तिथे नसेल तर विल्यम्समध्ये. तिथून काठापर्यंत १९०१ साली सुरू झालेली आगगाडी जाते, ज्यांना घाटातला रेल्वेप्रवास आवडतो त्या बाबांना ती आवडेल. फ्लॅगस्टाफ दीड तासावर आहे. कुठेही राहा, पण दोन रात्री राहा : एक संध्याकाळ, एक पूर्ण दिवस, एक पहाट. व्हेगासच्या तीन रात्री धरल्या असतील तर त्यातल्या दोन इकडे वळवा. हे आजच करा, कारण पुढच्या वसंतातल्या खोल्या आत्ताच भरत आहेत.